हर्णे बंदरातील एक प्रश्न : मुलांसाठी लिहिलेली थोरांची चरित्रे आणि पाली परंपरा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हर्णे हे मासेमारीचे मोठे बंदर आहे. सायंकाळी होड्या परतल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव सुरू होतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असतो, तर किनाऱ्यावर गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड ही त्याची उपदुर्गांची रांग पसरलेली आहे. या गावच्या मुलाला वीरपुरुषांच्या कथा पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत, त्या त्याच्या दारातच उभ्या असतात. काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या निमित्ताने या परिसरातील एका विहारात प्रस्तुत लेखकाचे प्रवचन झाले. विहाराच्या कपाटात मुलांसाठी जमविलेल्या तीस-चाळीस पुस्तिका होत्या. छत्रपती शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे, जोतीराव फुले, बाबासाहेब आणि भगवान बुद्ध यांची ती छोटी छोटी चरित्रे होती. प्रवचनानंतर एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने बुद्धचरित्राची पुस्तिका हातात धरून विचारले, “सर, सिद्धार्थाला एकोणतीस वर्षांपर्यंत एकही म्हातारा माणूस दिसला नाही? मग त्याचे आजी-आजोबा कुठे होते?” मागच्या ओळीतून कोणीतरी “गप बस गो” असे तिला दटावले. मी काहीतरी उत्तर दिले, परंतु ते उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या प्रसंगात आहे.

मुलांसाठी थोरांची चरित्रे लिहिताना काय ठेवावे आणि काय गाळावे, हा प्रश्न केवळ बौद्धांचा नाही. कान्होजी आंग्रे यांचेच उदाहरण घ्यावे. १७२९ साली निधन पावलेल्या या सरखेलाला इंग्रज लेखकांनी दीर्घकाळ ‘चाचा’ म्हटले. त्याच्या गलबतांनी कंपनीच्या व्यापाराला जकातीचे परवाने घ्यावयास भाग पाडले, हे त्या शिवीचे कारण होते. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली आणि तिन्ही वेळा त्यांना परतावे लागले. मराठी लेखकांनी या अपमानाला आपल्या चरित्रांतून चोख उत्तर दिले, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळास ‘आंग्रे’ हे नाव देऊन त्यावर मोहोर उमटविली. येथवर सर्व योग्यच आहे. तथापि माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक बालचरित्रांत सुवर्णदुर्ग शत्रूच्या हाती कसा पडला, हे आढळत नाही. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने समुद्रावरून तोफा डागल्या, तेव्हा पेशव्यांचे सैन्य त्याच्या साहाय्यास होते. तुळाजी आंग्रे यांचा मोड करण्यासाठी पुण्याने इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, आणि पुढील वर्षी विजयदुर्गात मराठ्यांचेच आरमार जळून गेले. हर्णेच्या मुलाला किल्ला दररोज दिसतो, पण तो पडला कसा हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला दुःख होईल म्हणून ते लपविले जाते, की मोठ्यांनाच ते अडचणीचे वाटते?

आता बौद्ध परंपरेकडे वळू. मराठीतील बालचरित्रांचा इतिहास ज्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही, ते विनायक कोंडदेव ओक याच जिल्ह्यातील हेदवीचे. १८४० साली जन्मलेल्या या शिक्षण खात्यातील गृहस्थाने १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय असा त्यांचा नेम असे. अशा रीतीने एकट्या ओकांच्या हातून चारशेहून अधिक थोरांची चरित्रे मराठी मुलांपुढे आली. त्यांच्या निवडीला जातीची वा देशाची सीमा फारशी नव्हती. परदेशी राज्यकर्ते, शोधक, साधुसंत असे सर्वच त्यात येत. त्यांतच केव्हातरी भगवान बुद्धांचे एक छोटेसे चरित्र आले.

हा अंक गोव्यातील साखवाळ गावी नारळाच्या बागा राखणाऱ्या एका तरुणाच्या हाती पडला. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हा प्रसंग नोंदविलेला आहे. शालेय शिक्षण फारसे नाही, प्रकृती क्षीण, चित्त उद्विग्न, अशा अवस्थेत त्यांनी मुलांसाठी लिहिलेली ती काही पाने वाचली, आणि बुद्ध हाच आपला मार्गदाता अशी त्यांची धारणा झाली. पुढे त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि १९०२ मध्ये तेथे श्रामणेर झाले. परतल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. आज महाराष्ट्रात जे कोणी पाली शिकवितात, त्यांतील बहुतेकांची गुरुपरंपरा कोठे ना कोठे त्या अध्यापनापाशी जाऊन भिडते. प्रस्तुत लेखकाचीही तीच आहे. मुलांच्या मासिकातील लेखाला विद्वान हसतात. पण ओकांनी ती पाने लिहिली नसती तर आमच्या हाती कोणते पाठ्यग्रंथ असते, हे सांगणे कठीण आहे.

दुसरा प्रसंग अधिक परिचित आहे, तरी त्यातील एका तपशिलाकडे दुर्लक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४) हे त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील केळूस गावचे. मुंबईच्या विल्सन हायस्कुलात ते शिक्षक होते. त्यांचे ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे पुस्तक त्यांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला सत्काराच्या सभेत भेट दिले, हे सर्वज्ञात आहे. चरित्रकार हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेनंतरचा मानतात. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये जी प्रस्तावना लिहिली आणि जी ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत समाविष्ट होऊ शकली नाही, तीत ते इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा सत्कार असे सांगतात. या दोहोंत कालदृष्ट्या काही वर्षांचे अंतर पडते. आठवणीत चूक झाली की चरित्रकारांनी प्रसंग एकत्र केले, याचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. बाबासाहेबांच्या मनात मात्र ते पुस्तक आपल्या बालपणी मिळालेले पुस्तक म्हणून कोरले गेले होते, हे महत्त्वाचे होय.

त्याच प्रस्तावनेत पुढे जे येते ते माझ्या दृष्टीने बालवाङ्मयाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे साक्ष्य आहे. सैन्यातून निवृत्त होऊन काही काळ दापोलीस राहिलेले सुभेदार रामजी सकपाळ मुलांना रामायण-महाभारत वाचावयास लावीत. केळूसकरांचे पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, बौद्ध वाङ्मयाची ओळख आम्हांस का करून दिली नाही, ब्राह्मण-क्षत्रियांचे गोडवे आणि शूद्र-अस्पृश्यांची निंदा असलेले ग्रंथ का वाचावयास लावता? वडिलांनी उत्तर दिले की आपण अस्पृश्य आहोत, मुलांच्या मनात हीनतेची भावना येऊ नये म्हणून हे वाचावयाचे. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती वर चढले पाहा. वाल्मीकी तर कोळी होता, तरी रामायणाचा कर्ता झाला. मुलाचे समाधान झाले नाही. त्याला महाभारतातील एकही पुरुष पटला नाही.

हा संवाद वाचताना हर्णे डोळ्यांपुढे येते. कोळ्याच्या मुलाला वाल्मीकी दाखवावा, महाराच्या मुलाला कर्ण दाखवावा, हा सुभेदारांचा हेतू प्रेमाचा होता, हे कोण नाकारील? परंतु दुसऱ्याच्या कथेत आपल्याला मिळालेली कडेची जागा मुलाला लगेच ओळखू येते. भीमाला ती ओळखू आली होती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पाली वाङ्मयाचा साधा विद्यार्थीही जाणतो की, वृद्ध, रोगी, मृत आणि परिव्राजक या चार दृश्यांची कथा दीघनिकायातील महापदान सुत्तात विपस्सी बुद्धाविषयी आलेली आहे, गौतमाविषयी नव्हे. गौतमाच्या चरित्रात ती जोडली गेली ती निदानकथेसारख्या उत्तरकालीन रचनांतून. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात स्वतः भगवान आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात, तेव्हा मध्यरात्र नाही, कन्थक घोडा नाही, निद्रिस्त पत्नीही नाही. आईवडील अश्रू ढाळीत असताना, त्यांच्या इच्छेविरुद्ध, केस उतरवून आपण घर सोडले, एवढेच ते सांगतात. अंगुत्तरनिकायात सुखात वाढलेल्या तरुणाचा तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा मद कसा गळून पडला, याचे शांत चिंतन आहे. नंतरच्या कवींनी त्या चिंतनालाच रथ, सारथी आणि रस्ता दिला असावा.

कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या गोष्टी मराठी वाचकांपुढे स्पष्टपणे मांडल्या. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या परिचयात विचारले आहे की, एकोणतीस वर्षांपर्यंत ही दृश्ये त्यांना दिसलीच नाहीत, हे बुद्धीला कसे पटावे? म्हणजे हर्णेच्या त्या मुलीने, अजाणता, बाबासाहेबांचाच प्रश्न विचारला होता. आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली बसून आम्ही तिला गप्प केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे, जरी ती काही वाचकांना रुचणार नाही. चार दृश्यांच्या ऐवजी आपण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला कलह सांगतो. या कलहाची कथा अट्ठकथांत आहे, परंतु तेथे तो मिटविणारे भगवान संबोधीनंतरचे आहेत. गृहत्यागाचे कारण म्हणून त्या प्रसंगाची योजना कोसंबींनी ‘बोधिसत्त्व’ नाटकात आणि बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात केली. तिला आधार आहे तो सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताचा. त्यात शस्त्रधारणामुळे भय उत्पन्न झाले, अल्प पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून उद्वेग आला, असे भगवान सांगतात. माझ्या मते ही उपपत्ती चार दृश्यांपेक्षा मूळ सुत्तांच्या पुष्कळ जवळ जाते. तरी ती उपपत्ती आहे, हे मुलांना सांगावे. अल्प पाण्यातील माशांची उपमा हर्णेच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. ओहोटीच्या खळग्यांत त्यांनी ती पाहिलेली असते. ‘हे भगवंतांनी सांगितले, हे नंतरच्यांनी सांगितले आणि हे आपल्या विद्वानांनी अनुमानिले’ एवढा भेद दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, असे मानणे हा मुलाचा अपमान आहे.

वीरपुरुषच हवेत तर आपल्या किनाऱ्याचे का नकोत? मज्झिमनिकायातील पुण्ण हा सुनापरन्ताचा, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मते याच अपरान्त किनाऱ्याचा. तो स्वदेशी परत जाण्यास निघाला तेव्हा भगवंतांनी विचारले की, तिकडचे लोक कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? हाताने मारले तर? दगडांनी, दंडाने, शस्त्राने मारले तर? जिवे मारले तर? शेवटचा प्रश्न वगळता प्रत्येक वेळी पुण्णाचे उत्तर एकाच रीतीचे होते की, यापेक्षा अधिक वाईट त्यांनी केले नाही, म्हणून ते भले आहेत असे मी समजेन. त्याने येथे येऊन पहिल्याच वर्षावासात पाचशे उपासक व पाचशे उपासिका घडविल्या, असे सुत्त सांगते. दगड खाणाऱ्यांची ही परंपरा दापोलीस अपरिचित नाही. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी येथूनच अनार्य दोषपरिहारक मंडळीचे कार्य चालविले आणि १८८८ मध्ये ‘विटाळविध्वंसन’ लिहिले. त्यांच्यावरची मुलांसाठीची पुस्तिका त्या कपाटात नव्हती.

पुढच्या भेटीत मी मुलांना सुप्पारक जातक वाचून दाखविले. भरुकच्छच्या मुख्य नाविकाचा मुलगा सुप्पारक खाऱ्या पाण्याने आंधळा होतो. राजाकडे तो हत्ती, घोडा, रथ यांचे दोष नुसत्या स्पर्शाने सांगतो, आणि राजा दर वेळी आठ कार्षापण हातावर ठेवतो. तो नोकरी सोडतो. सातशे व्यापारी त्या आंधळ्याला नाव हाकण्यासाठी नेतात. चार महिने भरकटलेल्या नावेतून तो अनोळखी समुद्रांची नावे सांगत जातो आणि अखेर, जाणून-बुजून एकाही प्राण्याची हत्या मी केली नाही, या सत्याच्या बळावर सर्वांना घरी आणतो. मासेमारी करणाऱ्यांच्या मुलांपुढे हे शेवटचे वाक्य वाचताना मला संकोच वाटला. मुलांना मात्र वाटला नाही. त्यांना आठ कार्षापणांचाच राग आला होता. एका मुलाने लिलावात भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याचे उदाहरणही दिले.

एक वाक्य मी त्या दिवशी गाळले. राजाचे क्षुद्र दान पाहून सुप्पारक म्हणतो की, हे तर न्हाव्याचे दान झाले, हा राजा न्हाव्याच्याच कुळातला असावा. जातकाच्या गद्यात ते तसेच आहे. समोर नाभिकांची दोन मुले बसलेली होती. ओकांनी काय गाळले, कान्होजींच्या चरित्रकारांनी काय गाळले, याची चिकित्सा करणाऱ्या माझ्या हातून ते वाक्य सहज निसटले, आणि ती मुलगी पुस्तकाचे पान उलटताना माझ्याकडे पाहत होती.