वॉर्सा: १९५३ साली बांधलेलं 'जुनं शहर'

कोणी लोकलमध्ये उभं राहून ऐकतंय, कोणी रात्री दिवा मालवून, कोणी भांडी घासता घासता. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिखित भाग.

आज आपण पोलंडच्या राजधानीत फिरणार आहोत. जग तिला वॉर्सा म्हणतं, पोलिश लोक वार्शावा. युरोपची सहल ठरवताना आपल्याकडे पॅरिस, रोम, फार तर प्राग अशी नावं निघतात. वॉर्साचं नाव क्वचितच निघतं. पण मला विचाराल तर इतिहास म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा करणारं असं शहर दुसरं सापडणं अवघड आहे.

सुरुवात एका कोड्यापासून करू. वॉर्साच्या जुन्या शहरातला बाजारचौक डोळ्यांसमोर आणा. चारही बाजूंना एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या उंच, अरुंद इमारती. पिवळ्या, गेरूच्या रंगाच्या, फिकट हिरव्या. भिंतींवर नक्षी, उतरती छपरं. मधोमध तलवार आणि ढाल घेतलेली जलपरी, म्हणजे या शहराचं चिन्ह. कुणीही म्हणेल, हे तीन-चारशे वर्षांपूर्वीचं आहे. प्रत्यक्षात या चौकाचं उद्घाटन झालं २२ जुलै १९५३ ला. तुमच्या आजोबांपेक्षाही हा चौक कदाचित वयाने लहान असेल!

तरीही १९८० साली युनेस्कोने हे जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे कसं काय? चला, चालत चालतच बघू.

आधी राख बघा

जुन्या शहरात जायच्या आधी ट्राम पकडून वॉर्सा उठावाच्या संग्रहालयात जा. २००४ साली उघडलेलं हे संग्रहालय बघायला अर्धा दिवस लागतो. तिथे एक छोटी फिल्म दाखवतात. १९४५ च्या वॉर्सावरून विमान उडतंय अशी कल्पना करून संगणकावर तयार केलेली. पाचेक मिनिटांचीच आहे. खाली नुसते सांगाडे दिसतात. छप्पर नाही, खिडकी नाही, माणूस नाही.

हे झालं कसं, ते थोडक्यात सांगते. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. पाच वर्षं नाझी टाचेखाली काढल्यावर, १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता वॉर्साच्या भूमिगत सेनेने उठाव केला. सोव्हिएत फौजा जवळ येऊन ठेपल्या होत्या, त्यामुळे काही दिवस तग धरला की झालं, असा हिशोब होता. लढाई चालली ६३ दिवस. पुरेशी मदत आलीच नाही. दीड ते दोन लाख सामान्य नागरिक मारले गेले. जे उरले त्यांना शहराबाहेर काढण्यात आलं.

आणि मग जे झालं ते लढाईपेक्षा वेगळं होतं. रिकाम्या शहरात जर्मन पथकं पद्धतशीरपणे फिरली. आगी लावल्या, सुरुंग पेरले, एकेक इमारत उडवली. ग्रंथालयं, चर्च, राजवाडे, सगळं. शहराच्या ऐतिहासिक मध्यभागाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाला. या शहराची आठवणही उरू नये, हा हेतू होता.

आता ही फिल्म डोक्यात ठेवा आणि माझ्याबरोबर जुन्या शहरात चला.

थांबलेलं घड्याळ

आपण उभे आहोत किल्ल्यासमोरच्या चौकात. मध्ये एक उंच स्तंभ आहे, त्यावर हातात क्रॉस आणि तलवार घेतलेला राजा तिसरा झिग्मुंट. सोळाव्या शतकाच्या शेवटी याच राजाने दरबार क्राकूवहून वॉर्साला हलवायला सुरुवात केली. त्याच्या मुलाने १६४४ साली हा स्तंभ उभारला. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांनी तो पाडला. राजाचा पुतळा पडला, पण बचावला. १९४९ साली नव्या खांबावर तो पुन्हा चढला. आणि जुने तुटलेले खांब? ते राजवाड्याच्या बाजूला आडवे ठेवलेत. बरेच पर्यटक वर बघून सेल्फी काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र ते आडवे खांब बघायला विसरू नका.

शेजारचा लालसर राजवाडा म्हणजे शाही किल्ला. १७ सप्टेंबर १९३९ ला त्यावर तोफांचा मारा झाला, आग लागली, आणि मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाअकराला थांबलं. त्या धुमश्चक्रीत कला-इतिहासकार स्तानिस्वाफ लोरेन्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतली चित्रं, दरवाजे, नक्षीकामाचे तुकडे वाचवून बाहेर काढले. पुढे जर्मनांनी भिंतींना सुरुंगांसाठी भोकं पाडली आणि १९४४ मध्ये किल्ला उडवून दिला.

किल्ला पुन्हा बांधायचा निर्णय व्हायला १९७१ साल उजाडलं. पैसा आला लोकांच्या देणग्यांतून, परदेशात राहणाऱ्या पोलिश लोकांनीही दिला. वाचवलेले तुकडे नव्या भिंतींत मूळच्या जागी बसवले. आणि १९ जुलै १९७४ ला मनोऱ्यावरचं घड्याळ पुन्हा सुरू केलं. किती वाजता? बरोबर ओळखलंत, सव्वाअकराला.

चित्रातून उतरलेला रस्ता

किल्ल्यात एक दालन फक्त एका चित्रकाराचं आहे: बेर्नार्दो बेलोत्तो. हा मूळचा व्हेनिसचा. प्रसिद्ध चित्रकार कानालेत्तो याचा भाचा. इथे तो मामाचंच नाव लावायचा. अठराव्या शतकात राजा स्तानिस्वाफ आऊगुस्तच्या दरबारी त्याने वॉर्साच्या रस्त्यांची, राजवाड्यांची, चर्चची चित्रं काढली. इतकी बारकाईने, की खिडक्यांचे कोनाडेही मोजावेत. त्यातली २२ चित्रं या दालनात आहेत.

युद्धानंतर वास्तुविशारदांसमोर प्रश्न होता, इथे नेमकं काय होतं? तेव्हा किल्ल्यापासून निघणाऱ्या शाही मार्गावरच्या कितीतरी इमारतींसाठी बेलोत्तोची चित्रं आधाराला आली. आज त्या रस्त्यावर जागोजागी त्याच्या चित्रांच्या प्रती लावलेल्या आहेत. प्रतीसमोर उभं राहा, चित्र बघा, मग मान वर करून समोरचा रस्ता बघा. फुकटातला हा खेळ तासभर पुरतो. त्याच रस्त्यावर होली क्रॉस चर्चच्या एका खांबात शोपँचं हृदय ठेवलेलं आहे. संगीतकार मेला पॅरिसमध्ये, १८४९ साली. हृदय बहिणीने मायदेशी आणलं.

पण गंमत ऐका. सगळं काही चित्रांवरून झालं नाही. जुन्या शहराच्या बांधणीचा मोठा आधार होता मोजमापांचे नकाशे आणि फोटो. वॉर्सा पॉलिटेक्निकच्या वास्तुकला विभागाने युद्धाआधीच जुन्या इमारतींची मापं घेऊन ठेवली होती. नाझी अमलात हे काम चोरून चालू राहिलं. उठाव फसल्यावर ती कागदपत्रं शहराबाहेर काढून एका मठात लपवली गेली. विचार करा, घरं जळतायत, आणि काही माणसं जीव धोक्यात घालून घरांचे नकाशे वाचवतायत. कारण नकाशा वाचला तर घर परत उभं राहील, याची त्यांना खात्री होती.

खरं काय, खोटं काय?

१९४५ च्या फेब्रुवारीत राजधानी पुनर्बांधणी कार्यालय सुरू झालं. त्याआधी राजधानीच वूच शहरात हलवावी, असाही विचार झाला होता. जुन्या शहराच्या कामामागे महत्त्वाचे होते वास्तुविशारद यान झाखवातोविच. त्यांचं म्हणणं साधारण असं, की एक राष्ट्र म्हणून आमची ओळख पुसण्यासाठी या वास्तू पाडल्या, म्हणून त्या पुन्हा उभारणं भाग आहे.

आता त्याची दुसरी बाजू. दर्शनी भाग जुन्यासारखे केले, आत मात्र नव्या सोयींचे फ्लॅट. मागच्या बाजूच्या दाटीवाटीच्या इमारती बांधल्याच नाहीत, मोकळी अंगणं सोडली. म्हणजे हे जुनं शहर जळण्यापूर्वी होतं तसं नाहीये. ते असायला हवं होतं तसं आहे. आणि विटा? काही इथल्याच ढिगाऱ्यातल्या, पण पुष्कळशा व्रोत्सवाफसारख्या शहरांतून आणलेल्या. युद्धापूर्वी ही शहरं जर्मनीत होती. तिथल्या जुन्या इमारती पाडून विटा राजधानीला पाठवल्या. जुन्या शहराच्या कडेला बार्बिकन नावाचा गोल बुरूज आहे, त्यातही अशा विटा आहेत. एका शहराचं जुनेपण परत आणायला दुसऱ्या शहराचं जुनेपण खर्ची पडलं. हे मला बोचतं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

जे परत बांधलं नाही

बार्बिकनपासून वीसेक मिनिटं चाललात की मुरानूव लागतं. साध्या, एकसारख्या वसाहती. इथे बघायला काय आहे, असं वाटेल. नीट बघा. काही इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत, पायऱ्या चढून जावं लागतं. त्या पायऱ्यांखाली ज्यू घेट्टोचा ढिगारा आहे. तो इतका होता की हलवण्याऐवजी त्याच्यावरच घरं बांधली.

युद्धाआधी वॉर्साची वस्ती होती १३ लाखांच्या आसपास, त्यात जवळपास तिसरा हिस्सा ज्यू. १९४० साली नाझींनी त्यांना भिंतीआड कोंडलं. १९४२ च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून जास्त लोकांना त्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेऊन मारलं. १९ एप्रिल १९४३ ला उरलेल्यांनी शस्त्रं उचलली. तो उठाव चिरडला गेला आणि घेट्टो जमीनदोस्त झाला.

बाजारचौक परत उभा राहिला, हे रस्ते का नाही राहिले? पैसा, नियोजन, त्या काळचं राजकारण, कारणं बरीच. पण सगळ्यात साधं कारण असं की 'आमचं घर इथे होतं' असं म्हणायला माणसंच उरली नव्हती. भिंत कुठून जायची, ते आज फुटपाथवरच्या लोखंडी पट्टीवरून कळतं. 'घेट्टोची भिंत' ही अक्षरं आणि दोन साली, १९४० आणि १९४३.

इथलं पोलिन संग्रहालय बघाच. हजार वर्षांचा ज्यू इतिहास तिथे मांडलाय, नुसता मृत्यूचा नाही. आणि वेळ असेल तर ज्यू इतिहास संस्थेत जाऊन दुधाचा एक कॅन बघा. इमानुएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने घेट्टोत गुपचूप सहकारी जमवले आणि डायऱ्या, पत्रं, पत्रकं, मुलांचे निबंध गोळा केले. ते सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलं. एक साठा १९४६ साली सापडला, दुसरा १९५० साली. तिसरा अजून सापडलेला नाही.

आणि मध्येच कोल्हापूर

याच परिसरात, मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ, चक्क कोल्हापूरचं नाव वाचायला मिळतं. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललं. त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. जवळपास पाच हजार जण, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्यापैकी कितीतरी घरांतले पुरुष जनरल आंडर्सच्या सैन्यात होते, आणि हेच सैन्य इटलीत मोंते कासिनोला लढलं. दोन्ही स्मारकं शेजारी असण्याचं कारण हे.

युद्ध संपलं, पण यातल्या बहुतेकांना घरी जाता आलं नाही. त्यांची गावं आता पोलंडमध्ये नव्हतीच, सोव्हिएत हद्दीत गेली होती. राजधानी विटेवर वीट रचून परत मिळाली. त्यांचं गाव परत मिळालं नाही. वळिवड्याहून कोणी इंग्लंडला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला.

जाणार असाल तर

जमलं तर १ ऑगस्टला वॉर्सात असा. संध्याकाळी पाच वाजता भोंगे वाजतात. बस, ट्राम, गाड्या, चालणारी माणसं, अख्खं शहर मिनिटभर जागच्या जागी उभं राहतं. याला तिकीट नाही.

उन्हाळ्यातल्या रविवारी वाझिएन्की बागेत शोपँच्या पुतळ्याजवळ पियानोचे मोफत कार्यक्रम असतात. तो पुतळाही जर्मनांनी १९४० साली उडवला होता, १९५८ साली परत बसला. स्टालिनची 'भेट' म्हणून १९५५ साली उभारलेल्या सांस्कृतिक महालाच्या गच्चीवरून शहर झकास दिसतं. स्थानिक लोक गमतीने म्हणतात, शहरात तेवढ्याच एका जागेवरून तो महाल दिसत नाही!

जेवायला 'बार म्लेच्नी', म्हणजे स्वस्तातली जुन्या वळणाची खानावळ गाठा. 'पिएरोगी रुस्किए' मागा: करंजीच्या आकाराचे, उकडलेले, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. शाकाहारी असाल तर वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका, एवढं आधीच सांगा.

आणि बाजारचौकात कोणी म्हणालं ना, 'अरे, हे तर सगळं नकली आहे', तर त्याला त्या लपवलेल्या नकाशांची गोष्ट सांगा. मग त्याला मुरानूवच्या पायऱ्यांपर्यंत घेऊन जा. दोन्ही पाहिल्याशिवाय वॉर्सा पाहिलं असं मी तरी म्हणणार नाही.

तुमच्या घरात, गावात वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या आठवणी सांगणारं कोणी असेल, तर त्यांच्याशी आजच बोला. जमल्यास फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.