तळ्याच्या पायऱ्या आणि फळ्यांचा धक्का : खालापूर-कर्जतचा काठ

घरामागच्या तळ्यात आठ-दहा फूट पुढे गेलेला फळ्यांचा लहान धक्का खालापूर-कर्जत भागात अलीकडेच दिसू लागला. सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या कुंभिवलीसारख्या गावांच्या शिवारात शेतघरे उभी राहिली, त्यांच्या आवारात तळी खणली गेली आणि त्यांच्या मागोमाग काठावरून पाण्यावर जाणारी ही लाकडी वाट आली. त्याआधी कित्येक शतके इथली माणसे पाण्याकडे पायऱ्यांनी उतरत होती. पाण्यात पुढे सरकणारे बांधकाम होते ते खाडीकाठच्या बंदरांवर. बंदरे काही फार लांब नव्हती, तरी तिथली रीत तळ्यापर्यंत आली नाही. त्याचे कारण पाण्याच्या पातळीत आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि घाटाजवळ त्याहून जास्त पाऊस पडतो. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. पाणी वेगाने येते आणि वेगाने निघून जाते. श्रावणात काठोकाठ भरलेले तळे होळीपर्यंत निम्म्यावर येते आणि वैशाखात तळाला भेगा पडतात. कर्जत-खालापूरच्या वाड्यांना एवढ्या पावसानंतरही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे त्याचेच दुसरे रूप. नुसत्या बाष्पीभवनाचा हिशेब केला तरी चित्र स्पष्ट होते. दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सव्वा मीटर पाणी उडून जाते. जमिनीत मुरलेले, गुरांनी प्यालेले आणि भाजीपाल्याला काढलेले पाणी वेगळेच. अशा तळ्यावर सप्टेंबरच्या पातळीला फळी टाकली, तर मार्चमध्ये तिच्याखाली नुसता चिखल उरतो. पायरीचे तसे नाही. पाणी जिथे असेल तिथे कुठली तरी पायरी ओली असतेच.

म्हणून या भागातल्या तळ्यांचा इतिहास हा मुख्यतः पायऱ्यांचा आणि बांधीव काठांचा इतिहास आहे. खालापूरजवळचे महड हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे स्थान. परंपरा सांगते, की १६९० मध्ये धोंडू पौडकर यांना तिथल्या तळ्यात गणपतीची मूर्ती सापडली आणि १७२५ मध्ये कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधले. तळे आधीचे, देऊळ नंतरचे, हा क्रम कोकणात अनेक ठिकाणी दिसतो. पाणी टिकते अशी जागा आधी सापडते, देव मागून येतो आणि देव आला की काठ बांधायला पैसा मिळतो. निव्वळ गुरांच्या तळ्याला दगडी पायऱ्या बांधून देणारा धनी क्वचितच भेटे.

खोपोलीत असा धनी भेटला, आणि तोही साधासुधा नव्हे. बोरघाटाच्या तोंडाशी असलेले वीरेश्वराचे देऊळ आणि त्यालगतचे मोठे तळे नाना फडणवीसांनी बांधवले. नानांचा काळ १७४२ ते १८००. पुण्याहून कोकणात उतरणारी आणि मुंबई-पनवेलकडून घाट चढणारी वाहतूक याच जागी थांबे. बैलांचे तांडे, पालख्या, हरकारे, पलटणी, सगळ्यांना चढणीआधी किंवा उतरणीनंतर पाणी हवे असे. वाटेवरचे पाणी बांधणे हे पुण्यकर्म होते आणि राज्यकारभाराची गरजही होती. नानांच्या मनात यातले काय अधिक होते हे ठरवण्याचे कारण नाही. पुण्याला जाणाऱ्या इंग्रज प्रवाशांच्या वर्णनांतही हे तळे येते. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नानांनी वाडा आणि चंद्रकोरीसारखा वळलेला घाट बांधला, तो आजही शाबूत आहे. नदीकाठ असो की तळे, पाण्याशी उतरण्याची त्या काळातली उत्तम रीत कोणती, हे मेणवलीला पाहायला मिळते : लांबच लांब सलग पायऱ्या, मध्ये रुंद टप्पे, आणि पाणी कितीही उतरले तरी पाय ठेवायला घडीव दगड.

असा काठ बांधायचा तो उन्हाळ्यातच. पाणी तळाला गेले की गाळ उपसायचा, कठीण मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत पाया खणायचा आणि खालून वर पायऱ्या रचत यायच्या. किनाऱ्याकडे जांभा सहज मिळतो. खालापूर-कर्जतला हाताशी असतो तो काळा फत्तर. घडवायला तो कठीण, पण पाण्याने झिजत नाही. पाथरवटांनी घडवलेला दगड चुन्यात बसवत. चुना घाणीत मळून घेत आणि तो चिवट व्हावा म्हणून त्यात गूळ किंवा बेलफळाचे पाणी घालण्याची चाल होती. पायरीला पाण्याकडे किंचित उतार ठेवत, म्हणजे शेवाळ धरणारे पाणी वर साचत नाही. पायऱ्यांमागे पाण्याचा दाब साठू नये म्हणून मागची भर मुरुमाची आणि दगडगोट्यांची असे. हे अंतर्गत काम नजरेला पडत नाही. अलीकडे ‘सुशोभीकरण’ म्हणून तळ्यांभोवती उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या सरळसोट भिंतींत ते बहुधा विसरलेले असते. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत भिंती फुगतात, आणि त्या शाबूत राहिल्या तरी पाण्यात पडलेल्या वासराला वर यायला वाट नसते.

पायऱ्या होत्या म्हणजे त्या सर्वांसाठी होत्या असे नाही. तळ्याचा कोणता काठ कोणाचा, कोण कुठे धुणे धुणार, कोण गुरे कुठे उतरवणार हे गावागावांत ठरलेले असे. आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना अनेक तळ्यांच्या पायऱ्या पूर्ण बंद होत्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे त्यानुसार खुले केल्याचे जाहीरही केले, पण तळ्याशी उतरायची कुणाची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. तळ्याच्या मालकीवरून सुरू झालेला खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. कर्जत-खालापूरचा मुलूख १८९१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून याच कुलाबा जिल्ह्यात आला होता. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पाणवठ्याच्या बांधकामाचा इतिहास लिहिताना त्यावर पाय ठेवण्याचा हक्क वगळला, तर उरतो तो फक्त दगडांचा हिशेब.

पाण्यात पुढे जाणाऱ्या बांधकामाची वाट खाडीकडून येते. खंडाळ्याच्या डोंगरात उगवणारी पाताळगंगा खोपोली-खालापूरवरून पश्चिमेला जाते आणि आपट्यापासून पुढे तिला भरतीचे पाणी भेटते. आपट्यापर्यंत पडाव आणि मचवे येत. घाटमाथ्याचा माल बैलांवरून खाली उतरून पनवेलला आणि अशा लहान बंदरांना लागे. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. खाडीतही भरतीला होडी काठाशी लागते आणि ओहोटीला चिखलात बसते. त्यामुळे इथले धक्के उंच, दगडी आणि बाजूला पायऱ्या असलेले. म्हणजे धक्क्यालाही पायरीची साथ घ्यावी लागलीच. मुंबईत लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेला, १८४१ च्या सुमारास पूर्ण झालेला भाऊचा धक्का हा या परंपरेतला सगळ्यांना ठाऊक असलेला नमुना. कोकण किनाऱ्यावर मात्र असे धक्के थोडेच होते. विसाव्या शतकातही अनेक बंदरांवर आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि प्रवासी पडावातून काठाला येत.

खालापूरच्या बाजूचा हा जलमार्ग रेल्वेने मागे टाकला. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये घाटातून रूळ वर गेले. खाडीकाठच्या बंदरांचा घाटमाथ्याशी असलेला धंदा आटला. त्यामुळे धक्का बांधण्याचे कसब आतल्या गावांपर्यंत येण्याची उरलीसुरली शक्यताही संपली.

आतल्या गावांच्या सुतारांना लाकडाचे असे काम येत नव्हते असे मात्र नाही. ओढ्यावरचा साकव ते पिढ्यान्‌पिढ्या बांधत आले. प्रवाहात मेढी रोवायच्या, त्यांवर आडवे ओंडके टाकायचे, वर फळ्या किंवा बांबू बांधायचे. तळ्यातला फळ्यांचा धक्का म्हणजे पलीकडचा काठ न गाठणारा साकव. पाण्यात उभ्या राहणाऱ्या लाकडाचे गुणही लोकांना माहीत होते. जांभूळ आणि उंबराचे लाकूड पाण्याखाली दीर्घकाळ टिकते, म्हणून विहिरीच्या बांधकामाखाली बसवायच्या चौकटीला ते वापरत. सतत बुडालेले लाकूड टिकते, कारण ते कुजवणाऱ्या बुरशीला लागणारी हवा तिथे नसते. कुजते ते पाण्याच्या रेषेशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही भेटतात. खाडीत याशिवाय लाकूड पोखरणारा शिंपल्यांच्या जातीचा किडा असतो; गोड्या तळ्यात त्याची भीती नाही.

पाण्याची पातळी पहिल्यांदा बऱ्याच अंशी माणसाच्या हातात आली ती विसाव्या शतकात. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव बांधून त्यांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पुढे १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर आले. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. यंत्रांतून सुटलेले पाणी मात्र इथल्या नद्यांना मिळाले. उन्हाळ्यात खडखडीत होणारी पाताळगंगा बारमाही झाली. नदीकाठच्या जमिनीवर पंप बसले, आणि पंप आला की तळे पुन्हा भरता येते. घरामागच्या तळ्याची पातळी हवी तशी राखण्याची सोय इथून सुरू होते.

बाकीचे काम रस्त्याने केले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूर मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आले. भातखाचरांच्या जागी शेतघरे आली आणि तळे हे पाणी साठवण्याइतकेच बसून पाहण्याचेही ठिकाण बनले. दुसरीकडे, राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यापर्यंत ५० हजार रुपयांचे अनुदान त्यात होते. पाझर थांबवायला अशा तळ्यांत जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. ओला कागद इतका निसरडा होतो, की आत घसरलेल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. राज्यभर अशा तळ्यांत माणसे बुडाली आहेत. तिथे धक्का किंवा निदान गाठी मारलेला दोर ही जीव वाचवण्याची सोय ठरते.

मातीच्या तळ्यात स्थिर धक्का बांधायचा हंगाम तोच जुना, चैत्र-वैशाखाचा. तळ उघडा पडला की दीड ते दोन मीटर अंतराने दोन ओळींत खड्डे घेतात. मऊ गाळ ओलांडून मुरुमात दोन-अडीच फूट खोल गेल्याशिवाय खांब थारत नाही. खांब सागाचे, ऐनाचे किंवा अलीकडे सरळ सिमेंटचे. त्यांवर आडव्या तुळया जस्त चढवलेल्या बोल्टांनी आवळतात, वर वासे आणि फळ्या. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली नाही, तर पहिल्याच पावसात त्या फुगून एकमेकींना उचलतात. धक्क्याची उंची सांडव्याच्या पातळीवरून ठरवायची. तळे त्याहून वर भरत नाही, म्हणून फळ्या सांडव्याच्या फूटभर वर राहिल्या की पुरे. पंप नसलेल्या तळ्यात पुढच्या टोकाला पाच-सहा पायऱ्यांची शिडी जोडावी लागते. पायरीची सुटका इथेही नाही.

कागद अंथरलेल्या तळ्यात खांब रोवता येत नाहीत, कारण एक भोक पडले तरी तळे रिकामे होते. तिथे तरंगता धक्का करतात. मोठ्या गणपतींच्या विसर्जनाचे तराफे पाहिलेल्या कोणालाही त्याची रचना नवी वाटणार नाही. खोपोली-रसायनीच्या कारखानदार पट्ट्यात दोनशे लिटरची वापरलेली प्लास्टिकची पिंपे सहज मिळतात. बूच घट्ट लावलेले एक पिंप पूर्ण बुडाले, तर स्वतःचे वजन वजा जाता १९० किलोच्या आसपास भार उचलते. सुरक्षिततेसाठी ते निम्मेच बुडेल असा हिशेब धरतात. म्हणजे सहा पिंपांवर साडेपाचशे किलो. त्यातले दोनशे किलो फळ्या आणि चौकटीचे गेले, तर चार माणसे निर्धास्त उभी राहतात, मात्र सगळी एकाच कडेला नव्हे. काठाशी बिजागरीवर एक फळकूट जोडतात. पाणी उतरेल तसे ते तिरपे होते. पिंपात आधी कोणते रसायन होते हे विचारून ते धुऊन घेणे भाग असते, कारण त्याच तळ्याचे पाणी भाजीला जाते आणि त्यातच रोहू-कटला सोडलेले असतात. धक्का चारी कोपऱ्यांतून दोराने काठावरच्या खुंट्यांना बांधतात. जूनच्या वाऱ्यात तो कागदावर घासू नये म्हणून दोर आखूड करतात आणि पाणी चढू लागले की पुन्हा सैल सोडतात.