हिप्परग्याची शाळा, तुळजापूरचं नवोदय आणि कोयत्याचा हंगाम



गावात एखाद्या पोराचा नंबर नवोदयला लागला की घरचे पेढे वाटतात, शाळेच्या फळ्यावर त्याचं नाव लागतं. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे. आज आम्ही त्याच शाळेबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्यापासून करावी लागेल.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घरात बोली मराठी, पण सरकारी हायस्कुलात शिकवणं उर्दूतून. ज्याला वरचं शिक्षण हवं, त्याने एक तर उर्दू पक्की करायची, नाहीतर सोलापूर-पुण्याची वाट धरायची. ही वाट ऐपत असणाऱ्यांची. अशा काळात, १९२१ साली, हिप्परग्यात राष्ट्रीय शाळा निघाली. सरकारी मदत नाही, भाषा आपली, मास्तर आणि विद्यार्थी एकत्र राहणारे. खेड्यात चांगली शाळा काढायची आणि लांबच्या मुलांना तिथेच ठेवून घ्यायचं, ही कल्पना आपल्या मातीत तेव्हापासूनची आहे.

१९२९ साली या शाळेत एक तरुण मास्तर आले. व्यंकटेश खेडगीकर त्यांचं नाव. त्याआधी ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर दिल्लीत काम करत होते. दिल्ली सोडून हिप्परग्याला येणारा माणूस! ते इथे मुख्याध्यापक झाले, १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ ला ते अंबाजोगाईला गेले, तिथे योगेश्वरी शाळा उभी केली, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना आपण ज्यांचं नाव घेतो ते हेच.

हिप्परग्याची गोष्ट ऐकताना आम्हाला एक गोष्ट खटकते, ती सांगूनच टाकतो. त्या शाळेच्या इतिहासात जी नावं कानावर येतात, ती सगळी पुरुषांची.

स्वामीजींना मानणाऱ्या तरुणांमध्ये तेलंगणातले पी. व्ही. नरसिंह राव होते, पुढे पंतप्रधान झालेले. त्यांना मराठी उत्तम येत होती. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी, एका बाईच्या हालांची कथा, त्यांनी तेलुगूत नेली. नाव दिलं 'अबला जीवितम्'. राजकारणातल्या माणसाने भाषांतराला हेच पुस्तक निवडावं, याचं आम्हाला अप्रूप वाटतं. त्यांच्या हाती आंध्राचा कारभार असताना, १९७१ साली, नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल गावी खेड्यातल्या हुशार मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. १९८५ ला ते केंद्रात शिक्षण खात्याचे मंत्री झाले, राजीव गांधी पंतप्रधान होते, आणि त्याच वेळी प्रत्येक जिल्ह्यात एक नवोदय काढायचं ठरलं. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. हिप्परग्यावरूनच नवोदय निघालं असा दावा आम्ही करत नाही. पण ज्या मास्तरांना नरसिंह रावांनी गुरू मानलं, ते मास्तर आपल्या जिल्ह्यात खडू धरून उभे होते, एवढं खरं.

आता दार कुणासाठी उघडलं ते पाहू. हुशार मुलांची खास शाळा म्हटली की ती शहरातल्या, पैसेवाल्यांच्या मुलांनीच भरते. नवोदयचे नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून किमान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या मुलांना. अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा. आणि मुलींना किमान एक तृतीयांश. सहावीला ८० जागा असतील तर निदान २७ मुली. यातला 'किमान' हा शब्द नीट ऐका. पुष्कळ जण तो 'कमाल' असल्यासारखा वापरतात. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी घेतात, पण मुलींना तोही माफ आहे.

मुलीला अकराव्या वर्षी घरापासून लांब ठेवायचं म्हटलं की घरात आजी रडते, बाप गप्प होतो. ही धास्ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी भागातल्या नवोदयला पाठवतात, हेही आधीच माहीत असलेलं बरं. पण आपल्या भागाने याहून अवघड पाठवणी केलेली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली सुमारे बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेली, तिथे त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. तेव्हा घरच उरलं नव्हतं, म्हणून लेकरं लांब गेली. इथे तर तुळजापूर आपल्याच जिल्ह्यात आहे.

परीक्षा पाचवीच्या वर्षात असते. आयुष्यात एकदाच बसता येतं, पुन्हा संधी नाही. पेपर मराठीतून देता येतो. दोन तासांचा, ८० प्रश्न, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे, बाकी गणित आणि भाषा. हल्ली त्यासाठी गावोगावी क्लास निघालेत. ज्याला फी परवडते त्याचं लेकरू तयारीनिशी बसतं आणि खेड्याची जागा खेड्यातल्याच सुखवस्तू घरात जाते. आम्हाला हे बोचतं.

पण त्याहून मोठी अडचण नियमातच दडलेली आहे. खेड्याच्या जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्याच मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. मधलं एखादं वर्ष मूल मामाकडे सोलापुरात शिकलं तर ते शहरी धरलं जातं. पाचवीही ज्या जिल्ह्यातून अर्ज करायचा त्याच जिल्ह्यात हवी. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातल्या मैत्रिणींना हा नियम कुठे टोचतो ते सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत. लेकरं गाडीत बसतात, कारण मागे सांभाळणारं कुणी नसतं. कारखान्याजवळच्या शाळेत पोरीचं नाव घातलं, दाखला तिकडे गेला, की इथल्या नवोदयसाठी तिची पाचवी मोडली. नाव इथेच ठेवून ती फडात राहिली, तर हजेरी मोडली. शिवाय गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत झाली आहे, म्हणजे ऐन तोडणीत. नियम करणाऱ्यांनी खेडं पाहिलं, पोरगी पाहिली. फडात जाणारं खेडं त्यांच्या नजरेतून सुटलं.

यातून वाट आहे ती अशी. अलीकडे अर्ज पावसाळ्यात भरले जातात, तेव्हा सगळी कुटुंबं गावातच असतात. अर्ज ऑनलाइन असतो, शाळेच्या मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो, फी नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारी योजनेतून हंगामी वसतिगृह चालतं. शाळेच्या व्यवस्थापन समितीने मागणी लावून धरली तर ते वेळेत सुरू होतं, नाहीतर अर्धा हंगाम गेल्यावर. समितीवर निम्म्या महिला असतातच, त्यात आपल्या गटातल्या किती आहेत ते बघा. आजीकडे राहणाऱ्या मुलीला परीक्षेच्या दिवशी केंद्रावर घेऊन कोण जाणार, हेही उचल घ्यायच्या आधीच ठरवायला हवं.

पुढच्या बैठकीला येताना गावातल्या चौथी-पाचवीतल्या मुलींची नावं लिहून आणा. त्यांच्यापुढे दोन गोष्टी लिहा: तिसरीपासून कुठल्या शाळेत, आणि दिवाळीनंतर कुठे.