‘तो’ पासून ‘मी’ पर्यंत

एखादी गोष्ट समाजात किती मोकळी झाली हे पाहायचे असेल, तर तिच्याविषयी कोण बोलतो हे आधी पाहावे. वैद्य बोलतो, कायदा बोलतो, शेजारी बोलतो. ज्याची गोष्ट, तो मात्र सर्वांच्या शेवटी बोलतो. पुरुषाचे पुरुषावर वा स्त्रीचे स्त्रीवर प्रेम जडू शकते, हा विषय मराठीत असाच पायरीपायरीने आला. ‘तो’ म्हणता म्हणता ‘मी’ म्हणेपर्यंत आपल्याला सुमारे ८० वर्षे लागली.

आरंभ रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापासून करावा लागतो. १९२७ ते १९५३ अशी २६ वर्षे ते चालले. वाचकांनी पत्राने प्रश्न विचारावेत आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरे द्यावीत, असा त्याचा रिवाज. अशाच उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचाही प्रश्न होता. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड व्हायचा तो झालाच. पत्र लिहिणाऱ्याला तेथे ना चेहरा होता, ना गोष्ट. होता तो केवळ प्रश्न.

१९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. स्वातंत्र्यापूर्वीचे पुण्याचे कॉलेज, नाटकात पुरुषाची भूमिका करताना सोबतच्या मुलीवर जडलेला जीव, आणि शेवटी मृत्यू. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा उभी केली. नाटक धीटच म्हटले पाहिजे. परंतु मित्राची गोष्ट आपण ऐकतो ती बापूच्या तोंडून.

पुढच्याच वर्षी ‘उंबरठा’ चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल म्हणजे दौंडला डॉक्टरकी केलेले गृहस्थ. त्यामुळे आमच्या भागाला त्याचे अप्रूप अधिक. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. त्यातल्या महिलाश्रमात दोन स्त्रियांचे प्रेम उघडकीस येते आणि संस्थेपुढे ते एक ‘प्रकरण’ होऊन बसते. त्या दोघींच्या मनात काय आहे, हा प्रश्न मागेच राहतो.

मग २००६ साली मौजेने सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. कथा साधी आहे. पुण्यातले मध्यमवर्गीय कुटुंब वरची खोली एका तरुण चित्रकाराला भाड्याने देते. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा तनय त्याच्यावर प्रेम करू लागतो, आणि बहीण अनुजाही. एके दिवशी अनुजा त्या तरुणाबरोबर निघून जाते. पुढे तो तिलाही सोडून जातो. पुस्तकाचा एक भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा.

मुलगी परत आल्यावर घरावर जे आभाळ कोसळते, ते चारचौघांना दिसणारे असते. तिच्यासाठी काळजी, कुजबुज, धावपळ. त्याच छपराखाली मुलाचेही तेच माणूस गेलेले असते, आणि त्याला मात्र कोणी विचारीत नाही. कारण काही गेले आहे हेच कोणाला ठाऊक नसते. तेव्हा तनय त्या गेलेल्या माणसालाच ‘तू’ म्हणून सारे सांगत बसतो. कर्व्यांच्या काळी प्रश्न विचारणारा निनावी होता. येथे प्रेम करणाऱ्याला नाव आहे, निनावी आहे तो ज्याच्यावर प्रेम केले तो!

हे पुस्तक निघाले तेव्हा १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम या प्रेमाला गुन्हा मानीत होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सैल केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळले. जेरी पिंटो यांचे इंग्रजी भाषांतर त्याच २०१३ सालचे. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले.

चित्रपट आला तो २०२२ मध्ये, घरबसल्या नेटफ्लिक्सवर. पटकथा कुंडलकरांचीच, नीलय मेहेंदळे तनय, प्रतीक बब्बर भाडेकरू. पण घर पुण्याचे उठून कोचीला गेले, काळ १९९० नंतरचा झाला आणि पात्रे हिंदी-इंग्रजी बोलू लागली. समुद्राकाठी निळ्या रंगाला ऐसपैस जागा मिळाली, हे खरे. गोष्ट साऱ्या देशापर्यंत पोचली, हेही खरे. मात्र जी मराठीत ‘मी’ म्हणाली, तिला पडद्यावर येताना मराठी मागे ठेवावी लागली, ही खंत उरतेच.

ही निव्वळ भाषाभिमानाची कुरकुर नव्हे. शिरूर किंवा दौंडच्या शाळेतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाजवळ आज या विषयाचे शब्द दोनच ठिकाणचे असतात. मोबाइलवरून आलेला इंग्रजी शब्द आईला कळत नाही, आणि चावडीवरची शिवी आईपुढे उच्चारता येत नाही. शिक्षक म्हणून या दोहोंमधली पोकळी मी वर्गात रोज पाहतो. कायद्याने भीती घालवली; स्वयंपाकघरात आईशेजारी बसून बोलायचे वाक्य मात्र कायदा देत नाही. ते वाङ्मयालाच द्यावे लागते. तनय ते वाक्य घरात बोलला नसेल, पण ते मराठीत लिहिता येते एवढे त्याने दाखविले. तालुक्याच्या वाचनालयांनी ते पुस्तक कुलपातल्या कपाटात न ठेवता हाताला लागेल अशा फळीवर ठेवावे. मागायला कोणी पुढे येणार नाही. न मागता घेता आले पाहिजे.