धाबे, कौल आणि पत्रा

श्रोतेहो, समुद्रापासून इतक्या दूर, तापी-पांझरेच्या काठी राहणाऱ्या मंडळींपुढे वादळाचा आणि छपरांचा विषय घेऊन उभे राहावयाचे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. वादळाची चिंता कोकणाने करावी. आपल्याला उन्हाची आणि पाण्याची चिंता पुरे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ही व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, तेच दिवस आपल्याकडे वळवाच्या वादळांचे आहेत. दुपारी आभाळ तांबूस होते, वावटळ उठते, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा घटकाभरात आडव्या होतात, आणि जाता जाता वारा कोणाच्या घराचे, कोणाच्या गोदामाचे, कोणत्या शाळेचे पत्रे घेऊन जातो. हे पत्रे मुळात आपल्या छपरावर आले कसे आणि उडतात का, एवढाच प्रश्न आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

खानदेशचे जुने छप्पर म्हणजे धाबे. सहासातशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. येथे पाणी पळवून लावण्यापेक्षा ऊन अडवणे अधिक गरजेचे होते. म्हणून आपल्या पूर्वजांनी जाडजूड खांबांवर तुळया टाकल्या, तुळयांवर आडवी लाकडे अंथरली आणि त्यांवर मातीचा जाड थर चोपून बसवला. दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती पसरावयाची, ती दाबावयाची आणि पन्हाळी मोकळ्या करावयाच्या, हा घरोघरचा नेम होता. उन्हाळ्याच्या रात्री याच धाब्यावर अंथरुणे पडत, आणि पापड, कुरडया, मिरच्या येथेच वाळत. हे छप्पर कशाने बांधलेले नव्हते, खिळलेलेही नव्हते. ते आपल्या वजनानेच जागेवर बसलेले होते. वाऱ्याने धाबे उडाले, असे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून कधी ऐकू आले नाही.

सह्याद्री ओलांडून कोकणात उतरावे, तो सगळाच हिशोब बदलतो. तेथे पाऊस आपल्या चौपट आणि वर समुद्राचा वारा. सपाट माती तेथे एका श्रावणातच वाहून जाईल. म्हणून कोकणाने उतरते छप्पर पत्करले. आधी पेंढा आणि नारळीचे झाप, मग कुंभाराची नळ्यांची कौले, आणि त्यानंतर मंगळुरी कौल. एकात एक अडकणारे हे कौल मूळचे फ्रान्समधील आल्सेस प्रांताचे. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरला त्याचा कारखाना काढला आणि अर्ध्या शतकात ते सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. कोकणातील जुन्या घराकडे बारकाईने पाहिले, तर वाऱ्याशी झालेला करार त्यात दिसतो. घर ठेंगणे, वळचण खाली आलेली, पुष्कळदा छप्पर चौपाखी. म्हणजे वारा कोणत्याही दिशेने आला तरी समोर उभी भिंत न लागता उतार लागावा. आढ्यावरची कौले चुन्यात बसवलेली, आणि भोवती नारळी-पोफळीची दाटी. कौलांच्या फटींतून हवा खेळते, त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब फार वेगळा होत नाही. वादळात शेपन्नास कौले जातात, पण बहुधा घर राहते.

याचा अर्थ किनाऱ्याला वादळाने सोडले असा नव्हे. १८८२ साली मुंबईला मोठे चक्रीवादळ होऊन लाखभर माणसे दगावली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. परंतु त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत वा सरकारी नोंदींत अशा संहाराचा मागमूस नाही. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचा श्वास घेतला, तेथे तरी कागदावाचून कोणतीही गोष्ट इतिहास म्हणून सांगू नये. कागदावरची वादळे आपल्याला पुरेशी आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर वादळ आले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले. आणि ३ जून २०२० रोजी भर दुपारी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभराच्या बराच वर होता. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत पोफळीच्या बागा झोपल्या आणि हजारो घरांवरचे छप्पर नाहीसे झाले. ते वादळ तेथेच थांबले नाही. जोर घालवत, ईशान्येकडे सरकत, घाट चढून ते उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भाच्या वाटेने मध्य प्रदेशाकडे गेले. सह्याद्रीची भिंत आपल्याला समुद्रापासून सर्वस्वी वेगळे करते, या समजुतीला त्या दोन दिवसांनी तडा दिला.

आता आपल्याकडच्या पत्र्याकडे वळू. लंडनच्या गोदीतील हेन्री पामर नावाच्या अभियंत्याने १८२९ मध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. कागदाला चुण्या घातल्या की तो उभा राहतो, तेच हे तत्त्व. पुढे आठच वर्षांनी, १८३७ मध्ये, फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले, आणि गंजाचा प्रश्न पुष्कळसा मिटला. हा पत्रा खानदेशात आणला तो रेल्वेने आणि कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करीत पुढे गेली. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, जळगावला कापडगिरणी आली, विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल आली.

या कारखान्यांना धाबे चालण्यासारखे नव्हते. धाब्याला दर चार हातांवर खांब लागतो. तेथे यंत्रांची रांग मांडावी कशी, आणि कापसाचा ढीग घालावा कोठे? गवताचे छप्पर म्हणजे कापसाशेजारी आगीला आमंत्रण. लोखंडी कैच्यांवर टाकलेला पत्रा मात्र पन्नास-साठ फुटांची मोकळी जागा देतो आणि थोड्या दिवसांत उभा राहतो. तेव्हा पत्रा आला तो कोणाच्या मूर्खपणाने नव्हे, खऱ्या गरजेपोटी आला. पुढे सागवान महागले, खारी पसरणारी माणसे मिळेनाशी झाली, आणि कारखान्यावरचा पत्रा दुकानावर, दुकानावरचा घरावर, घरावरचा गोठ्यावर उतरला.

येथेच एक गोष्ट आपल्या हातून राहिली. पत्रा आला, पण त्याच्यासोबत यावयाची विद्या वाटेतच राहिली. हे थोडे हिशोबाने पाहू. वारा छपराला ढकलतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो त्याला उचलतो. छपरावरून वेगाने जाणारी हवा वरचा दाब कमी करते, आणि उघड्या दारातून आत शिरलेली हवा खालून रेटते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेत मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि नाशिकसाठी ३९ मीटर वाऱ्याचा वेग धरला आहे. म्हणजे समुद्रापासून शंभर किलोमीटरहून आत, घाटमाथ्यापलीकडे, फरक सेकंदाला केवळ ५ मीटरांचा! ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. असा वारा चौरस फुटाला सुमारे साडेआठ किलो जोर लावतो, आणि छपराच्या कडेकोपऱ्यांशी वरची ओढ एवढी, कधी याहूनही अधिक असते. आता सहा इंच मातीचे धाबे चौरस फुटाला वीस किलोंच्या वर भरते. पत्रा भरतो जेमतेम अर्धा किलो. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्याचे वजन पंधरा किलो, आणि त्याला वर ओढणारा जोर अडीच क्विंटल. म्हणजे कापसाच्या दीड गाठीइतका! त्यावर आपण चार दगड ठेवतो आणि निर्धास्त झोपतो. वाऱ्याला ते दगड आवरत नाहीत. उलट पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात.

हलके छप्पर वजनाने राहत नाही, बांधणीने राहते. पत्रा आकड्याच्या बोल्टने आडव्या लोखंडाला, ते कैचीला, कैची भिंतीला आणि भिंत पायाला, अशी ही साखळी असते, आणि तिची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच. ही विद्या जगानेही मोल देऊनच मिळवली आहे. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर ‘ट्रेसी’ नावाचे वादळ आले आणि शहरातील बहुतेक घरे निकामी झाली. मागाहून अभियंत्यांना आढळले की, कित्येक ठिकाणी खिळे जागेवरच होते. वाऱ्याच्या हिसक्यांनी वरखाली होऊन पत्राच खिळ्यांभोवती चिरला होता, जशी तार वाकवून वाकवून तुटते तशी. तेव्हापासून तेथील बांधकामाचे नियम पालटले.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग धाबेच बरे होते. तसेही म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. वाऱ्यात जे वजन तारते, तेच भूकंपात मारते; आणि झड लागली की भिजलेले धाबे लहानशा हादऱ्यावाचूनही बसते. तेव्हा जुने चांगले की नवे, हा वाद व्यर्थ आहे. प्रत्येक छपराचा एक धर्म असतो. धाब्याचा धर्म वजन, आणि पत्र्याचा धर्म बांधणी. पत्रा घ्यावयाचा आणि वागणूक मात्र धाब्याची ठेवावयाची, यातच आपली फसगत आहे. मराठीत नियम ‘धाब्यावर बसवण्याची’ सोय आहे. धाबे होते तोवर ते चालून गेले असेल, पण पत्र्यावर नियम बसवून भागणार नाही.

आणि यासाठी फार पैसा लागतो असेही नाही. कडेच्या पत्र्यांना मधल्यांपेक्षा दाट बोल्ट द्यावेत. बोल्टखाली रुंद चकती घालावी. कैचीची सळई भिंतीत खोल पुरावी. मृगाआधी जसे आपण धाबे पाहत होतो, तसे चैत्र-वैशाखात एकदा शिडी लावून गंजलेले आकडे पाहावेत. आणि शाळेच्या छपरासाठी तरी, जेथे आपली लेकरे बसतात, ग्रामसभेत उभे राहून हे विचारावे.

आपल्याच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी सुगरणीच्या खोप्याचे कौतुक केले आहे. हा खोपा वजनाला काहीच नसतो. वादळात तो झाडाच्या टोकाशी हेलकावे खात राहतो, आणि सकाळी पाहावे तो तेथेच असतो. त्या इवल्या पक्ष्याने फांदीला पक्की गाठ मारलेली असते. आपल्या छपरांना तेवढीच गाठ हवी आहे.