स्पॅनिश वैद्यकाची शब्दकुळे

स्पॅनिश वैद्यकाचे शब्द शिकू लागणाऱ्यास स्पेनचा इतिहासच भेटतो. १९०५ साली लंडनमध्ये स्टार्लिंग यांनी ग्रीक धातूवरून योजलेला ‘हॉर्मोन’ तेथे स्त्रीलिंगी ‘ओर्मोना’ झाला. आरंभीचा ‘ह’ लिहितात, उच्चारीत नाहीत. औषधी पाकाला मात्र ‘हाराबे’ म्हणतात. तो मूळचा अरबी. आपले ‘सरबत’ त्याच धातूचे. अर्धशिशीचे ‘हाकेका’ हे नावही अरबीतून आले, आणि त्याच्याही मुळाशी ‘अर्धा भाग’ हाच अर्थ! १४९२ साली ग्रानादा पडले, अरबी अमदानी संपली. शब्द मात्र रुग्णाच्या ओठी राहिले. आपली ‘संप्रेरक’ ही संज्ञा ग्रंथांत सुखाने नांदो. परंतु वेदना सांगणारा घरगुती शब्द वैद्याने विसरू नये. निदानाचा आरंभ तेथूनच होतो.