गाजरगवताची जन्मनोंद

पुण्यातल्या उकिरड्यांवर एक अनोळखी झाड उगवलं आणि तिथून गाजरगवताचा भारतातला इतिहास सुरू झाला, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. प्रा. परांजपे यांच्या नजरेला ते पडलं. वनस्पती सर्वेक्षण खात्यातले आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची रीतसर नोंद छापली: पार्थेनियम हिस्टेरोफोरस, भारतात नव्याने आढळलेली वनस्पती. आज हे तण देशात सुमारे साडेतीन कोटी हेक्टरांवर पसरलं असल्याचा तणशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ त्याहून कमी भरतं.

पानं गाजराच्या पानांसारखी म्हणून गाजरगवत. बारीक पांढऱ्या फुलांमुळे चटक चांदणी. आणि काँग्रेस गवत? कुणी म्हणतं, फुलांचा पांढरा शेंडा गांधी टोपीसारखा दिसतो म्हणून. कुणी म्हणतं, काँग्रेस सरकारने मागवलेल्या गव्हातून आलं म्हणून. या दुसऱ्या खुलाशातच गाजरगवताची सर्वमान्य जन्मकथा आहे. अमेरिकेचा पीएल-४८० गहू आला आणि त्यात हे बी आलं. रेशनच्या रांगेत उभं राहून ज्यांनी लाल मिलो ज्वारी घरी नेली, त्या पिढीला ही गोष्ट पटायला पुरावा लागलाच नाही. परक्याचं धान्य खावं लागल्याचा सल एका तणावर काढता येत होता.

तारखा मात्र जुळत नाहीत. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, आणि त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. परांजप्यांनी झाड पाहिल्याचं साल काही लेखांत १९५१ येतं, काहींत १९५५. यातलं कुठलंही धरा, ते कराराच्या आधीचंच. म्हणून गहू निर्दोष सुटतो असं नाही. १९५१ मध्येच अमेरिकेने भारताला २० लाख टन धान्यासाठी वेगळा कायदा करून कर्ज दिलं होतं. आरोपी कदाचित तोच असेल, आरोपपत्रातलं कलम चुकलं आहे.

त्याहून मोठा धक्का १९७८ मध्ये बसला. बेनेट, नैथानी आणि रायझादा या तिघांनी जुनी कागदपत्रं आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले वाळवलेले नमुने चाळले. त्यात १८८० मधला गाजरगवताचा नमुना निघाला, आणि तो गोळा करणारा माणूस साधासुधा नव्हता: हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या १८१४ मधल्या, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या यादीतही हे नाव सापडलं. म्हणजे पुण्यातल्या उकिरड्यांच्या कितीतरी आधी हे झाड या देशात येऊन गेलं होतं. मग ते इतकी वर्षं गप्प का बसलं? बागेत एखादं रोप येणं आणि रानभर तण माजणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे एक उत्तर. पन्नाशीच्या दशकात नव्या वाणाचं, नव्या वाटेने, ढिगाने बी आलं असणं हे दुसरं, आणि जास्त पटणारं.

एकदा पाय रोवल्यावर त्याला अडवणारं इथे कुणी नव्हतं. उगवल्यापासून महिन्याभरात फुलोरा, एका झाडाला १५ ते २५ हजार बिया, आणि जनावर तोंड लावत नाही. मालमोटारींच्या चाकांना चिकटून, वाळूतून, शेणखतातून ते गावोगाव गेलं.

ते अंगावर उठेपर्यंत संशोधनाने फारसा वेग घेतला नाही. १९६८ मध्ये लोणकर आणि जोग यांनी या झाडामुळे झालेल्या त्वचादाहाचा रुग्ण नोंदवला. १९७४ मध्ये लोणकरांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर त्यावर सविस्तर लेख लिहिला. पापण्या, मान, कोपराची खोबण अशा जागी कातडी जाड, काळी पडते आणि खाज जीव नकोसा करते. दोषी द्रव्य पार्थेनिन. पानांवरच्या केसांत ते असतं, म्हणून वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर आला तरी पुरतो. शेतमजुराने निंदणी सोडली तरी सुटका नाही, ती याचमुळे.

मग उपाय शोधणं आलं. १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचे भुंगेरे बंगळूरला आणले गेले आणि पुढच्या वर्षी मोकळे सोडले. तीन-चार वर्षांत त्यांनी तिथली झाडं पानं खाऊन उघडी पाडली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र ते सूर्यफुलावर दिसले आणि एकच ओरड झाली. चौकशी समिती बसली. संशोधक जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले, की भुंगेरा ते पान कुरतडतो. भुंगेरा बचावला. आज आपल्याकडे पावसाळ्यात तो दिसतो, पण कोरड्या महिन्यांत जमिनीखाली झोपतो आणि गाजरगवत पाणी मिळेल तिथे बारमाही उगवतं. हा हिशेब तो एकट्याने कसा चुकता करणार?

दुसरा उपाय झाडावर झाड सोडण्याचा. टाकळ्याची नातलग कॅसिया युनिफ्लोरा गाजरगवताला हटवून जागा घेते, असं दिसल्यावर तिचं बी मुद्दाम फेकण्याची शिफारस झाली. ती खरोखरच गाजरगवताला हटवते. तीही उष्णकटिबंधीय अमेरिकेचीच, आणि पुण्याच्या मोकळ्या जागांवर पावसाळा सरता सरता आता तिचीच दाटी दिसते.